खडूच्या गोलातलं वांगं

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेच्या पेपराची यादी माझ्याकडे येते. वस्तुचित्राच्या वस्तू मांडण्याचं काम शाळेत गेली कित्येक वर्षं मीच करते. तांब्या एक, घासलेला. केळी दोन, जोडलेली. पुठ्ठ्याचा ठोकळा एक. पांढरा रुमाल एक. मुली चार घोळक्यांत बसतात, म्हणून हे सगळं चौपट. वस्तूंना हात लावू नये, अशी पाटी एक.

यंदा शिपाई म्हणाला, "बाई, केळी दुपारपतुर काळी पडत्यात. वांगी आणू का? बाजारात लय झ्याक वांगी आल्यात."

मी नको म्हणाले. का नको, ते सांगितलं नाही. यादीत कारणाचा रकाना नसतो.

तो गेल्यावर मात्र मला त्या वर्षीचं वांगं दिसायला लागलं. थंडी सरत आली की दर वर्षी दिसतं. भाजीवालीच्या पाटीत नाही, तर एका काळ्या लोखंडी ट्रंकेवर, घोंगडीच्या घडीला टेकलेलं, भोवती खडूचा पांढरा गोल असलेलं.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मोजून मिळायचं, कागद तर मिळायचाच नाही, आणि साताऱ्याहून सांगलीकडे जाणारी मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. मी नुकतीच मास्तरीण झाले होते. गणित आणि भूगोल माझ्याकडे, चित्रकला अनसूयेकडे. साताऱ्यात आम्हां दोघींना मिळून माडीवरची एक खोली होती. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा आणि सकाळचे दोन तास चांगला उजेड यायचा. खाली घरमालकीण मावशी राहायच्या. दोन अविवाहित बायका माडीवर काय करतात याची त्यांना काळजी असायची. वास्तविक आम्ही भांडी घासायचो, वह्या तपासायचो आणि वांगं बघायचो.

अनसूया पलूसकडची. घरी ऊस आणि सैन्य, म्हणजे शेत भाऊ बघायचे आणि वडील हवालदार होते. ते तेव्हा समुद्रापलीकडे कुठेतरी लढत होते. शेवटच्या सुट्टीत आले तेव्हा आपला इनॅमलचा पांढरा मग लेकीला देऊन गेले. कड निळी, दोन जागी टवका उडालेला. शाळेत अनू शुद्ध बोलायची. खोलीचा जिना चढला की चप्पल काढावी तशी ती भाषा दाराबाहेर ठेवायची.

सांगलीच्या पेठेत हळद घ्यायला गेली असताना रद्दीच्या दुकानात तिला एका जुन्या विलायती मासिकाचं रंगीत पान सापडलं होतं. ते तिनं भिंतीला खळीनं चिकटवलं. पानावर एक टेबल, टेबलावर चुरगळलेली चादर, चादरीवर सफरचंदं आणि मागे एक बरणी. फ्रान्समधल्या कुठल्याशा चित्रकाराचं. मला ते चित्र अर्धवट वाटायचं. टेबल पुढे उतरत होतं, बरणी एका बाजूला फुगली होती, आणि सफरचंदांवर रंगाचे चौकोनी ठिपके जसेच्या तसे दिसत होते.

"हे सगळं खाली घरंगळेल," मी म्हणाले.

"घरंगळू दे की. तुला काय, तू झेलणार हाईस?"

"आणि रंग नीट मिसळलाच नाही त्यानं."

ती माझ्याकडे बघून हसली. "मालू, ह्या माणसानं सफरचंद गोल काढलंच न्हाई. गोल हुईस्तवर बघितलंय."

असल्या चित्रकारांना उत्तर-दृक्प्रत्ययवादी म्हणतात, हे मला फार उशिरा एका पुस्तकात कळलं. तो शब्द मी वहीत लिहून ठेवला. पण अनूनं त्या एका वाक्यात सांगितलं होतं त्याच्या पुढे मला त्या पुस्तकातलं काही फारसं समजलं नाही.

त्या थंडीत सांगलीच्या एका मंडळानं चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. पहिल्या येणाऱ्याला मंडळाच्या खर्चानं मुंबईला चित्रकला शिकायला पाठवणार होते. अनूला जायचं होतं. ती तसं बोलायची नाही, पण मुंबईच्या शाळेचं माहितीपत्रक तिच्या उशीखाली असायचं आणि मी अंथरुणं आवरायची, म्हणून मला माहीत होतं. घरचे तिच्यासाठी स्थळं बघत होते. उन्हाळ्यात वडील सुट्टीवर आले की लग्न, असं ठरल्यासारखं होतं. तिच्यापाशी ती एक थंडी होती.

कॅनव्हास कुठला मिळतोय? तिनं मांजरपाट चौकटीवर ताणून त्याला खळ आणि खडू लावला. तैलरंगाच्या नळ्या तिच्याजवळ सात होत्या, लढाईच्या आधी घेतलेल्या. निळी जवळजवळ संपलेली. नवी मिळायची सोय नव्हती. मग वस्तू मांडल्या. वडलांचा मग, घोंगडीची घडी, दोन कांदे, तीन हळकुंडं आणि एक वांगं.

"सफरचंद न्हाई ते न्हाई," ती म्हणाली. "किस्नाकाठच्या वांग्याला जी झाक हाय ती त्या फ्रान्सवाल्याला गावली आसती, तर त्यानं सफरचंदाकडं ढुंकून बघितलं नसतं."

अडचण अशी होती की आमचं टेबल, पाट, इस्त्रीची फळी आणि वह्या तपासायची जागा म्हणजे तीच एक ट्रंक. वस्तू हलवल्याशिवाय जेवण व्हायचं नाही. यावर मी उपाय काढला. प्रत्येक वस्तूभोवती खडूनं गोल काढला, गोलाला आकडा दिला आणि वहीत लिहिलं. एक, मग, कान खिडकीकडे. दोन, वांगं, देठ वर आणि डावीकडे. तीन, थोरला कांदा, टरफल सुटलेली बाजू पुढे. जेवायच्या वेळी सगळं उचलायचं आणि सकाळी वही बघून परत मांडायचं. एकदाही चूक झाली नाही.

वांगं चार दिवसांत सुरकुतायचं. मग तेवढ्याच मापाचं दुसरं आणावं लागे. मी सुताचा तुकडा घेऊन बाजारात जायची, वांग्याचा घेर आणि लांबी मापायची. भाजीवाली कमरेवर हात ठेवून बघत राहायची.

"आवं बाई, पोरगी बघाय आलाय का वांगं घ्याय?"

"मापाचं हवंय."

"शिजल्यावर कुणाला माप कळतंय?"

जुनं वांगं आम्ही भाजून खायचो. मावशी खालून ओरडायच्या, "आज चित्र शिजतंय व्हय गं?" त्या थंडीत आम्ही इतकी वांगी खाल्ली, की अजून भरताचा वास आला तर मला जवसाचं तेल आणि टर्पेंटाइनही आठवतं.

हे सगळं मी मोठ्या हौशीनं केलं, हे खरं आहे. पण त्यातूनच मला असंही वाटायला लागलं की या चित्रात माझाही हात आहे. गोल माझे, वही माझी, वांगी माझी. त्या वाटण्याचा दोष मी आज कुणाला देणार?

सकाळी शाळेआधी अनू उभी राहून काम करायची. मी केस विंचरता विंचरता बघायची. ती वांग्याकडे बघायची, बराच वेळ बघायची, मग रंग घेऊन एक फटकारा मारायची आणि ब्रश खाली करायची. पुन्हा बघायची. वांग्यात जांभळा होता हे मला कबूल. पण तिनं त्यात हिरवा घातला, विटकरी घातला, वरच्या अंगाला मगाच्या कडेचा निळा आणून ठेवला. प्रत्येक फटकारा शेजारच्याला चिकटून, पण वेगळा. जवळून पाहिलं तर कौलं बसवल्यासारखं दिसायचं. मला ड्रॉइंगच्या परीक्षेत चांगले गुण मिळाले होते ते गुळगुळीत शेडिंगला. पेन्सिलीची एक रेघ दिसू द्यायची नाही, कापसानं घोळायचं, असं आम्हांला शिकवलेलं. मी एकदा म्हणाले, "मग आता हे सारखं कधी करणार?"

"काय सारखं?"

"हे वेगवेगळे फटकारे. शेवटी पुसून एक करतेस ना?"

तिनं ब्रश खाली केला. मग शिकवण्याच्या सुरात नव्हे, साधंच म्हणाली, "एक फटकारा म्हंजे एकदा बघणं. ते पुसलं तर मी बघितलं कवा?"

मी मान हलवली. मला वाटलं, वेळ नाही म्हणून असं म्हणते आहे.

चित्र पाठवायच्या आदल्या दिवसाचं पान माझ्या जुन्या वहीत अजून आहे. सुताराकडून खोका आणणे. मागे नाव-पत्ता चिकटवणे. गवत. सुतळी. मोटारीत जागा सांगणे. सांगलीत खोका उतरवून घ्यायला मावशींच्या दिरांना निरोप. सहा कामं आहेत आणि सहाही कामांपुढे बरोबरची खूण आहे.

दुपारी अनू सुताराकडे गेली. चित्राचा वांग्याकडचा भाग ओला होता, सकाळीच तिनं तिथे शेवटचा रंग लावला होता. धूळ बसू नये म्हणून तिनं दोन काठ्या उभ्या करून वरून जुन्या लुगड्याचं फडकं सोडलं होतं. मी नाव-पत्ता चिकटवायला फडकं बाजूला केलं. खिडकीतला तिरपा उजेड चित्रावर पडला होता, आणि त्या उजेडात एकेक फटकारा उठून दिसत होता. मला ते सारवायचं राहून गेलेल्या जमिनीसारखं वाटलं. मला वाटलं, बिचारी दमली आहे. मला वाटलं, मंडळातले लोक हसतील. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

मी तिचा मऊ, कोरडा ब्रश घेतला आणि वांग्यावरून फिरवला. हलक्या हातानं, गोल गोल, मला शिकवलं होतं तसा. हिरवा जांभळ्यात गेला, विटकरी जांभळ्यात गेला, निळ्याची एक चकाकणारी रेघ झाली. वांगं अगदी वांग्यासारखं दिसायला लागलं. मला फार आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला. मी देठाकडे वळले आणि जिन्यावर पावलं वाजली.

पावलं वाजल्याबरोबर मी ब्रश लपवला. म्हणजे आपण काय करतो आहोत हे हाताला कळलं होतं, मलाच कळलं नव्हतं. आणि मग मी जे केलं ते पाच मिनिटांचंही काम नव्हतं. फडक्याचं टोक ब्रशाला पुसलं. जांभळा डाग पाडला. फडकं चित्राला लागेल असं सोडलं. माझा स्वभाव व्यवस्थित. खोटंसुद्धा पुराव्यासकट तयार केलं.

अनूनं खोका टेकवला, पाणी प्यायली, फडकं वर केलं. किती वेळ बघत होती कोण जाणे. खाली मावशी जात्यावर काही भरडत होत्या, तो आवाज तेवढा येत होता.

"मालू, हितं कुणी हात लावला?"

"फडकं लागलं असेल. बघ, डाग आहे."

तिनं फडक्याचं टोक उचललं, डाग पाहिला, मग पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"व्हय," ती म्हणाली. "मीच झाकलं हुतं."

निळी नळी तिनं दाबून पाहिली. दातांनी चेपटी केली होती ती नळी, त्यातून काही निघालं नाही. मोटार सकाळी होती. आम्ही चित्र खोक्यात घातलं. गवत मी भरलं, नीट भरलं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला मंडळाचं पत्र आलं. पहिला क्रमांक कुणालाच नाही. अनसूयेला उत्तेजनार्थ. खाली परीक्षकांचा शेरा होता. वांग्याचे काम सफाईदार आहे, उरलेले चित्र याच रीतीने पुरे केल्यास अधिक शोभेल.

अनूनं पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. "बघ. फडक्याला बक्षीस मिळालं. फडकं माझ्यापरीस बरं काढतंय."

मी हसले. तिच्याबरोबर हसायचं म्हणून हसले. ती हसत होती की नाही हे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

त्यानंतर शाळेला सुट्टी लागेपर्यंत तिनं मुलींना गुळगुळीत शेडिंग शिकवलं. कापसानं घोळा, रेघ दिसू देऊ नका. भिंतीवरचं ते पान तिनं ओल्या कापडानं भिजवून, न फाडता, काढलं. उन्हाळ्यात वडील आले आणि सांगलीला लग्न झालं. मी लग्नाला गेले. वाढपाची यादी माझ्याकडे होती.

पुढे ती सांगलीच्याच एका शाळेत चित्रकला शिकवायला लागली. आम्ही भेटत राहिलो, पत्रं लिहीत राहिलो, आंब्याच्या पेट्या आणि हळदीचे डबे एकमेकींकडे जात राहिले. लोकांचे फोटो बघून ती तसबिरी करायची. अगदी हुबेहूब, गाल लखलखीत. त्यात ब्रश कुठे लागलाय ते भिंग घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. लोक कौतुक करायचे. मीही करायची. मग तेही तिनं सोडलं. वेळ मिळत नाही, म्हणाली.

माझ्याजवळ या पंचवीस वर्षांच्या वह्या आहेत. कोणत्या दिवशी काय करायचं होतं आणि काय झालं, सगळं सापडतं. अनूला सांगणे, असं एकाही पानावर नाही. लिहिलं असतं तर खूण करावी लागली असती.

शिपायाला वांगी नको म्हटलं, त्यानंतरच्या रविवारी मी सांगलीची गाडी पकडली. रिकामी ट्रंक, त्यावरचे खडूचे गोल, गोलातले आकडे, हेच रस्ताभर डोळ्यांपुढे होतं. ट्रंक अजून माझ्याकडे आहे. खडू केव्हाच पुसला गेला, पण कुठला आकडा कुठे होता ते मी आजही बोट ठेवून दाखवीन.

अनू स्वयंपाकघरात होती. चष्मा लागलाय, केस निम्मे पांढरे. चुलीच्या जागी आता स्टो आलाय. ते चित्र धान्याच्या कणगीवर, खिळ्याला, तसंच बिनकाचेचं लावलेलं होतं. मी ते दर खेपेला बघते आणि दर खेपेला दुसरीकडे बघते.

"अवचित कशी आलीस? यादीबिदी हरवली काय?" ती म्हणाली.

मी पाटावर बसले. "अनू, ते फडकं..."

ती स्टोची पिन करत होती. मान वर न करता म्हणाली, "फडक्याला काय ठावं गं, वांगं गोल हाय ते?"

मी कणगीवरच्या चित्राकडे बघितलं.

"फडकं लागलं तर आडवं फरपटतंय, न्हाईतर वरनं खाली. हितं तर वांग्याच्या अंगानं हात फिरलाय. गोल. कापूस घोळल्यागत. साताऱ्यात तसा हात दुसऱ्या कुणाचा हुता?"

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हणून. आठवडाभर वाट बघितली." तिनं स्टो पेटवला, ज्योत बारीक केली. "मग ते पत्र आलं. मी म्हणलं, फडक्याला बक्षीस मिळालं. तुला वाट करून दिली हुती मी. तू हसलीस."

"हो."

"मग मला वाटलं, मालू मन लावून करती, तिला असंच बरं दिसतंय. त्या मंडळवाल्यांनाबी असंच बरं दिसतंय. मग मीच चुकत आसंन. एकटं माणूस किती दिस म्हणणार, मला दिसतंय तेच खरं?" तिनं आधण ठेवलं. "फडक्यानं केलं आसतं तर मी सोडलं नसतं गं. तू केलंस म्हणून सोडलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आलं असतं. मी काम करणारी बाई, मला काहीतरी करायला हवं असतं. निळ्या रंगाची नळी आता कुठल्याही दुकानात मिळते, मी येतानाच एक घेतली होती, पिशवीत होती. ती बाहेर काढायचं धाडस मला झालं नाही.

अनूनं पदराला हात पुसले, कणगीजवळ गेली आणि चित्र खिळ्यावरून उतरवून माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, त्या दुपारनंतर तरी नाही.

"हात लाव," ती म्हणाली.

"आता कशाला?"

"तवा लावलास की. आता वाळलंय. काय बिघडत न्हाई."

मी बोट टेकवलं. घोंगडी खऱ्या घोंगडीसारखी बोटाला टोचली. मगाच्या कडेवर निळ्याचे बारके उंचवटे होते, टवक्यापाशी खळगा होता. कांद्यावर टरफलाच्या दिशेनं एकेक फटकारा लागत होता. बोटानं मोजता आले असते. मग वांगं आलं. तिथे बोट काचेवरून घसरावं तसं घसरलं. कुणीच कधी बघितलं नव्हतं अशी ती जागा.

"वर जा. देठाकडं."

बोट वर गेलं. घसरता घसरता एका जागी थांबलं. देठाच्या खाली, नखाएवढा, एक उंचवटा होता. मी चष्मा काढून वाकून पाहिलं. हिरवा, त्याला टेकून जांभळा, दोन्ही आपापल्या जागी.

"माझी पावलं वाजली आसतील जिन्यावर," अनू म्हणाली. "म्हणून तेवढं ऱ्हायलं."

आधण उकळायला लागलं होतं. तिनं चहाची पूड टाकली, वर झाकण ठेवलं आणि परत येऊन माझ्याशेजारी बसली.

"तेवढं वांगं माझं हाय."

मी बोट उचललं नाही.